बोलिंग नशिबाचं असेल, तर दुसऱ्या चेंडूचं काय?

सोलापूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ जोरात फिरतोय. पुण्याच्या कुठल्याशा मॉलमध्ये एक मुलगा न बघताच चेंडू सोडतो, चेंडू बाजूच्या गटरच्या काठाकाठानं जातो आणि दहाच्या दहा पिना आडव्या होतात. खाली निकाल लिहिलाय: टेनपिन बोलिंग (लांब, अरुंद लेनवरून जड चेंडू घरंगळत सोडून टोकाच्या दहा पिना पाडणं) हा खेळच नाही, सगळा नशिबाचा मामला आहे. ज्याच्या दंडात जोर तो जिंकतो. लेन सगळीकडे सारखीच, त्यात शिकण्यासारखं काही नाही. खरा खेळ असता तर ऑलिंपिकमध्ये असता. आणि शेवटची ओळ अशी, की हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, सोलापूरच्या पोरांनी यात वेळ घालवू नये.

जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंत सगळ्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय. मला या खेळाचं मनापासून प्रेम आहे. शिवाय पुण्याला शिकायला गेलेली आपली बरीच मुलं तिथं पहिल्यांदा चेंडू हातात घेतात आणि त्यातल्या काहींना खरीच गोडी लागते. त्यांच्या घरच्यांनी हा मेसेज वाचून नाक मुरडावं हे मला पटत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा नशिबाचा. व्हिडिओतला तो स्ट्राइक नशिबानंच पडला, हे मान्य. एका चेंडूपुरतं नशीब चालतं. पण गेम एका चेंडूचा नसतो. दहा फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन चेंडू मिळतात. पहिल्याच चेंडूला सगळ्या पडल्या तर स्ट्राइक: दहा गुण, वर पुढच्या दोन चेंडूंवर पडलेल्या पिना पुन्हा मिळवायच्या. दोन चेंडूंत मिळून पडल्या तर स्पेअर: दहा गुण आणि पुढच्या एका चेंडूच्या पिना. दोन्हींतलं काहीच झालं नाही तर जेवढ्या पडल्या तेवढेच गुण.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. व्हिडिओतल्या मुलाला गेममध्ये नशिबानं तीन सुटे स्ट्राइक मिळाले आणि बाकीच्या सात फ्रेममध्ये दोन चेंडू मिळून सात-सात पिना पडल्या, असं धरा. शेवटची फ्रेम साधीच गेली. प्रत्येक स्ट्राइकचे दहा अधिक सात, म्हणजे १७. तीन स्ट्राइकचे ५१, उरलेल्या सात फ्रेमचे ४९. एकूण १००. दुसऱ्या खेळाडूला एकही स्ट्राइक मिळाला नाही. दरवेळी पहिल्या चेंडूवर नऊ पिना पडल्या, पण उरलेली एक त्यानं दरवेळी दुसऱ्या चेंडूनं टिपली आणि शेवटच्या फ्रेममध्ये स्पेअर झाल्यावर मिळणाऱ्या जादा चेंडूवरही नऊ पाडल्या. त्याचे गुण १९०. याच खेळाडूनं ती एकटी पिन दरवेळी चुकवली असती तर हातात ९० आले असते. शंभर गुणांचा फरक केवळ त्या उरलेल्या पिनेचा आहे. गुणांची ही पद्धतच अशी बांधली आहे की नशिबाचे तुकडे फार लांब पोचत नाहीत. सलग चांगलं खेळणाऱ्याच्याच पदरात गुण पडतात.

ती उरलेली पिन टिपणं हे शिकता येणारं काम आहे. पिन सर्वांत जाड ठिकाणी पावणेपाच इंच, चेंडूचा व्यास साडेआठ इंच. चेंडूची डावी कड लागली काय आणि उजवी लागली काय, पिन पडतेच. म्हणजे मोकळ्यात उभ्या एकट्या पिनेसाठी चेंडूच्या मध्याला जवळपास १३ इंचांची वाट मिळते. पिना त्रिकोणात मांडतात आणि नंबर डावीकडून उजवीकडं जातात: पुढं १, मग २-३, मग ४-५-६, मागच्या रांगेत ७ ते १०. कोपऱ्यातल्या ७ आणि १० नंबरच्या पिनांना गटर चिकटून असल्यामुळे ती वाट अरुंद होते, म्हणून तिकडं लेन तिरपी ओलांडत टाकायचं. लेनवर फाउल लाइनपासून (चेंडू सोडताना जी ओलांडायची नाही ती रेषा) १५ फुटांच्या आसपास सात बाण कोरलेले असतात. जाणता खेळाडू पिनांकडं बघत नाही, बाणाकडं बघतो. उजव्या हाताच्या खेळाडूसाठी एक जुना हिशेब आहे: बाण तोच ठेवायचा आणि आपली उभं राहण्याची जागा बदलायची. २ नंबरची पिन उरली तर लेनच्या लांबीनं जाणाऱ्या अरुंद पट्ट्यांपैकी तीन पट्ट्या उजवीकडं सरकायचं, ४ नंबरची उरली तर सहा, ७ नंबरची उरली तर नऊ. हा हिशेब चालतो याचाच अर्थ इथं भूमिती चालते.

आणखी एक गोष्ट. पूर्ण ३०० गुणांसाठी सलग १२ स्ट्राइक लागतात: दहा फ्रेमचे दहा आणि शेवटच्या फ्रेममधल्या दोन जादा चेंडूंचे दोन. कुणाला नुसत्या नशिबानं दहातला एक चेंडू स्ट्राइक जात असेल, तर असे सलग बारा पडण्याची शक्यता एक लाख कोटीत एक. तरीही ३०० चे गेम जगभर पडत आलेत. अमेरिकेच्या व्यावसायिक सर्किटवर वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी ४७ स्पर्धा जिंकल्या. आपल्याकडं तामिळनाडूच्या शब्बीर धनकोट यांनी राष्ट्रीय विजेतेपद एकदा नाही, अनेकदा मिळवलं. नशीब इतकं इमानी कधी असतं?

आता जोराचं बघू. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. एक पिन दीड किलोच्या थोडी वर. पहिल्या पिनेला धडकल्यावर एवढा जड चेंडूही आपली वाट सोडून बाजूला सरकतो, कितीही जोरात मारला तरी. उजव्या हाताच्या खेळाडूचा अगदी नेमका स्ट्राइक बघितला तर चेंडू फक्त चार पिनांना शिवतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात. १ नंबरची पिन २ ला, २ ची ४ ला, ४ ची ७ ला. दुसऱ्या बाजूला ३ ची ६ ला आणि ६ ची १० ला. ५ ची जाऊन ८ ला घेते. ही सगळी साखळी जमायला चेंडू १ आणि ३ यांच्या मधल्या फटीत, म्हणजे पॉकेटमध्ये, साधारण सहा अंशांच्या कोनातून शिरावा लागतो.

इथं जोरवाल्यांची अडचण होते. लेन ६० फूट लांब आणि साडेएकेचाळीस इंच रुंद. उजव्या गटरला खेटून सरळ रेषेत चेंडू टाकला तरी पॉकेटमध्ये शिरताना कोन जेमतेम एक अंश भरतो. सहा अंश हवे असतील तर चेंडू शेवटच्या टप्प्यात वळलाच पाहिजे, आणि तो वळतो बोटांनी दिलेल्या फिरकीमुळे. फार जोरात टाकलेल्या चेंडूला वळायला वेळच मिळत नाही. सरासरी चांगला चेंडू ही ६० फुटं पार करायला अडीच सेकंदांच्या आसपास घेतो. एवढा वेळ तो का घेतो, ते पुढच्या मुद्द्यात येईल.

जोर हाच निकष असता तर २०१० साली केली क्युलिक या महिला खेळाडूनं पुरुषांच्या व्यावसायिक सर्किटवरची टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स जिंकलीच नसती. अंतिम सामन्यात तिनं ख्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असं हरवलं. ज्यांच्या मुलींना ‘हा पोरांचा खेळ आहे’ असं सांगितलं जातं, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँटी तर दोन्ही हातांनी, अंगठा छिद्रात न घालता टाकतो. लहानपणी आईवडिलांच्या बोलिंग सेंटरमध्ये चेंडू एका हातानं उचलत नव्हता, म्हणून लागलेली ती सवय. त्याच्या नावावर १५ मेजर स्पर्धा आहेत. अंगात ताकद हवी, नाही असं नाही. १५ पौंडांचा चेंडू तीन गेममध्ये पन्नास वेळा टाकला तर हातानं ३४० किलो झुलवलेले असतात. पण ही ताकद तोल आणि लय सांभाळण्यासाठी लागते.

‘लेन सगळीकडे सारखीच’ हा मेसेजमधला सर्वांत चुकीचा मुद्दा आहे. माझं या खेळावर प्रेम जडलं तेही नेमकं याच कारणानं. लेनवर तेल असतं. डोळ्यांना ते जवळजवळ दिसत नाही. पूर्ण लेनला २० ते ३० मिलिलिटर, यंत्रानं ओढलेला केसाहून बारीक थर. साधारणपणे पहिल्या ४० फुटांवर तेल आणि पुढचे वीसेक फूट कोरडे. तेलावर चेंडू फिरत-फिरत घसरतो, कोरड्यावर आला की फिरकीला पकड मिळते आणि तो वळतो. म्हणून वेग महत्त्वाचा: तेल संपल्यावर चेंडूकडं वळण्याइतका वेळ उरला पाहिजे. कॅरम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल. पावडर कमी-जास्त झाली की ओळखीच्या बोर्डावरही स्ट्रायकर परका वागतो.

मॉलमधल्या लेनवर तेल मधे भरपूर आणि कडांना कमी ठेवतात. चेंडू चुकून बाहेर गेला तर कोरड्यावर पकड घेऊन परत आत येतो, चुकून आत राहिला तर तेलावर सरळ घसरतो. दोन्ही चुका लेन सांभाळून घेते. स्पर्धेच्या लेनवर मधल्या आणि कडेच्या तेलातला हा फरक खूप कमी करतात, आणि थराची लांबीही बदलतात. कधी तो ३५ फुटांवर संपतो, कधी ४५ च्या पुढं जातो. एखाद-दुसऱ्या पट्टीची चूकही तिथं महाग पडते. शिवाय तेल जागेवर राहत नाही. प्रत्येक चेंडू थोडं तेल उचलून नेतो, थोडं पुढं ओढतो. पहिल्या गेमला जी वाट स्ट्राइक देत होती तीच तिसऱ्या गेमला चेंडू १ नंबरच्या पिनेच्या नाकाडावर नेऊन आदळते आणि स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उभ्या पिना, उरतं. खेळाडू दोन चेंडूंच्या मधे टॉवेलनं चेंडू पुसताना दिसतात, ते हेच तेल पुसत असतात. (तो टॉवेल आपल्या सोलापूरचा असावा अशी माझी फार इच्छा आहे.) मग कुणी दोन पट्ट्या डावीकडं सरकतो, कुणी चेंडू बदलतो, कुणी मनगट थोडं सैल सोडतो. न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज फक्त चेंडूच्या वागण्यावरून घ्यायचा. शिकायला आयुष्य कमी पडावं असं हे काम आहे.

मग मॉलमध्ये सगळं नशीब का वाटतं? कारण तिथं भाड्यानं मिळणारा चेंडू पॉलिएस्टरचा असतो. त्याचा बाहेरचा थर गुळगुळीत, पकड न घेणारा. छिद्रंही कुणाच्याच हाताच्या मापाची नसतात, त्यामुळे बोटं फिरकी देण्याऐवजी चेंडू पडू नये म्हणून आवळून धरतात. असा चेंडू सरळच जाणार. सरळ गेलेला चेंडू एक अंशानं शिरणार, आदळल्यावर बाजूला सरकणार, आणि कधी नऊ, कधी सहा पिना पडणार. कधी दहाही पडतील. त्या मुलाला दिसलं ते खरंच होतं, पण ते त्या चेंडूचं आणि त्या पकडीचं वागणं होतं. स्पर्धेतले खेळाडू स्ट्राइकसाठी नव्वदच्या दशकात आलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, कोरड्यावर घट्ट पकड घेणारा चेंडू स्वतःच्या हाताच्या मापानं छिद्रं पाडून वापरतात. आणि गंमत बघा, स्पेअर टिपायला त्यांच्यातले बहुतेक जण तोच साधा पॉलिएस्टरचा चेंडू काढतात, कारण तो वळत नाही.

ऑलिंपिकचा मुद्दा थोडक्यात. १९८८ साली सोल ऑलिंपिकमध्ये बोलिंग प्रात्यक्षिक म्हणून खेळलं गेलं, पदकाचा खेळ मात्र ते झालं नाही. पण १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत ते पदकाचा खेळ होतं, पुढंही अनेक आशियाडांत होतं, आणि १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धांतही होतं. कबड्डी आजही ऑलिंपिकमध्ये नाही. क्रिकेट १९०० नंतर थेट २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी घेतलं गेलं. मधल्या सव्वाशे वर्षांत सोलापूरच्या पार्क मैदानावर जे क्रिकेट खेळले, ते काय खेळत होते?

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि त्यातली निम्मी तक्रार खरी आहे. आपल्याकडं सोय तुटपुंजी. नीट सराव करायचा तर बहुतेकांना हुतात्मा एक्सप्रेस धरून पुणं गाठावं लागतं, आणि गेमचे दर विडी कामगाराच्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या घराला झेपणारे नाहीत. पण हा दोष सोयीचा आहे. खेळ मुळात पैसेवाल्यांचा आहे हे मात्र साफ खोटं. अमेरिकेत विसाव्या शतकात बोलिंग वाढवलं ते कारखान्यांतल्या कामगारांनी. मिलवॉकीसारख्या गावात कारखान्यांच्या आणि दारूभट्ट्यांच्या नावानं संघ असत, पाळी संपली की कामगार लेनवर जात. पिना मांडायचं यंत्र १९४६ साली लोकांपुढं आलं आणि पन्नाशीच्या दशकात पसरलं. तोवर पडलेल्या पिना हातानं उभ्या करायला गरिबाघरची पोरंच असत. जुनी मिल आणि लक्ष्मी-विष्णूच्या भोंग्यावर ज्या गावाचा दिवस उगवायचा, आणि पाणीवेस, थोरला मंगळवेढा अशा तालमींनी ज्या गावाला खेळ शिकवला, त्या गावाला कामगारांचा खेळ परका वाटायचं कारण नाही.

आणि लेन नसतानाही निम्मा खेळ घरी शिकता येतो. चार पावलांची चाल, हात घड्याळाच्या लंबकासारखा मोकळा सोडणं, डाव्या पायावर घसरत थांबणं आणि फाउल लाइन न ओलांडणं (ओलांडली तर पडलेल्या पिनाही शून्य), हे सगळं एखाद्या गुळगुळीत फरशीच्या हॉलमध्ये, हातात टेनिसचा चेंडू घेऊन करता येतं. मग पुण्याला गेल्यावर एक गेम कमी खेळा, पण त्यात स्ट्राइकचा नाद सोडा. नऊ पडल्या की घाई करू नका. कुठली पिन उरली ते बघा, तीन, सहा की नऊ पट्ट्या ते ठरवा, आणि त्या एकाच पिनेसाठी चेंडू सोडा. व्हिडिओ काढायचाच असेल तर त्या दुसऱ्या चेंडूचा काढा आणि त्याच ग्रुपवर टाका.