मस्ट नॉट आणि टोनरवाला

मी काल आमच्या मॅडमना ऑफिसात यायला बंदी घातली. लेखी. त्यांना कणकण होती म्हणून मी भावनेच्या भरात मेल टाकला, ‘यू मस्ट नॉट कम टुमॉरो.’ अकरा जणांना कॉपी. माझा हिशेब सरळ होता: मस्ट म्हणजे लागतं, मस्ट नॉट म्हणजे लागत नाही.

आज त्या ताप घेऊन माझ्या टेबलापाशी हजर! “मी यायचं की नाही, हे तुम्ही ठरवणार?”

मी तोंड उघडणार तोच प्रिंटरच्या मागून आवाज आला. “काका, डोन्ट हॅव टू पाहिजे होतं.”

टोनर बदलायला आलेला पोरगा. डोकं यंत्राच्या पोटात, कोपरापर्यंत काळा. ‘काका’ हा शब्द मला मस्ट नॉटपेक्षा जास्त लागला, हे नमूद करून ठेवतो.

“होकारात मस्ट आणि हॅव टू भाऊ-भाऊ,” तो आतूनच म्हणाला. “नकार आला की वाटणी. मस्ट नॉट म्हणजे खबरदार. डोन्ट हॅव टू म्हणजे तुमची मर्जी. आपलं ‘येऊ नका’ आणि ‘यायची गरज नाही’, तसंच.”

मॅडम चक्क मान डोलवायला लागल्या. ताप उतरला असावा. मी त्याला खिंडीत गाठायला विचारलं, “बरं, मग ‘काल यावं लागलं’ हे मस्टमध्ये सांग.”

“नाही येत. मस्टला भूतकाळच नाही. हॅड टू उसनं आणायचं. गंमत म्हणजे मस्ट हाच मुळात एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ. आणि तुम्ही घाईत ‘मॅडम मस्ट हॅव कम’ म्हणालात, तर अर्थ होतो, मॅडम आल्याच असणार.”

“आल्याच आहेत,” मॅडम म्हणाल्या. हे दोघं आता माझ्याविरुद्ध एक झाले होते.

एक सांगतो. याच मॅडम दोन वर्षांपूर्वी मला म्हणाल्या होत्या, ‘यू मस्ट कम फॉर डिनर!’ केवढा जोर त्या मस्टवर! तारीख आजतागायत नाही. म्हणजे जेवायला बोलवताना मस्ट म्हणजे नुसता तोंडभर शब्द, ‘यू मस्ट बी टायर्ड’मध्ये नुसता अंदाज, आणि मी कळवळून वापरला की तो फौजदारी गुन्हा. शब्द त्यांचे, अर्थ त्यांच्या सोयीचे, आणि माफीचा मेल मात्र मी लिहायचा. तोही अकरा जणांना.

“आणि काका, हॅड बेटरला सल्ला समजू नका,” पोरगा थांबायला तयार नव्हता. “त्यात बेटर दिसतं, पण पुढे ‘नाहीतर बघा’ दडलेलं असतं.”

“यू हॅड बेटर फिनिश दॅट रिपोर्ट टुडे,” मॅडम म्हणाल्या आणि केबिनकडे वळल्या. उदाहरण एकदम अचूक होतं. पोरग्याने काळा अंगठा वर केला.

मग यंत्र घरघरलं आणि रांगेत अडकलेलं पहिलं पान बाहेर आलं. माझाच मेल. मॅडमनी सकाळी फाइलला लावायला प्रिंट दिली होती. नव्या टोनरात ‘मस्ट नॉट’ फारच ठसठशीत उठलं होतं.