मातीची जमीन आणि भेगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर लांबलं, म्हणून वेगळं टाकतोय. मातीच्या जमिनीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "शहरातून चार दिवस गावी यायचं आणि मातीच्या जमिनीचे गोडवे गायचे. फोटो ओल्या जमिनीचा दिसतो. महिन्याभरात भेगा पडतात, वाळवी लागते, आणि सारवत बसतात बायका. हौस म्हणून ठीक आहे, साहेब."

फोटो सारवण ओलं असताना काढलाय, हे मान्य. वाळल्यावर जमीन इतकी चकाकत नाही.

पण "साहेब" हा टोमणा कशासाठी? कुडाळकडच्या आमच्या घरात माजघरापासून पडवीपर्यंत मातीचीच जमीन होती. पावसाळा सरला की भात झोडायला अंगणात खळं करायचं आणि लहानपणापासून माझ्या हातात चोपणं, म्हणजे माती ठोकून बसवायचं लाकडी अवजार, असायचं. चार दिवसांची हौस मला सांगू नका.

आता भेगा. माती वाळताना आटते म्हणून ती भेगाळते. चिकणमाती जास्त, कालवताना पाणी जास्त, तर भेगा जास्त. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते ओलीने फुगतं, उन्हात आकसतं. उन्हाळ्यात काळ्या रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. म्हणून तर मराठवाड्यातही घरकामाला काळी सोडून गावठाणातली पांढरी माती घेतात. आमच्या जांभ्यावरच्या तांबड्या मातीत मुख्यतः केओलिनाइट हे दुसरं खनिज. ते फारसं फुगत नाही. तुम्ही कुठली माती पाहिलीत, हे न सांगताच सगळ्या मातीवर शिक्का मारलात!

दुसरं कारण घाई. खाली मुरूम पसरून, पाणी मारून धुम्मस करायचं, म्हणजे ठोकून घट्ट बसवायचं, त्यावर चाळलेली माती. तिची ओल अशी हवी की मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि तो कमरेच्या उंचीवरून टाकला तर फुटावा. लोक सरळ चिखल थापतात आणि मग मातीला नावं ठेवतात. चोपून झालं तरी काम संपत नाही. जमीन अर्धवट सुकते, अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण माती बोटाला लागत नाही, तेव्हा पुन्हा चोपायची. बारीक भेगा त्याच वेळी दिसू लागतात आणि चोपण्याखाली मिटतात. ती वेळ हुकली की मग वरून कितीही शेण फिरवा, भेग पुन्हा वर येते. ही दुसरी चोपणी तुम्ही केली आहे का, एवढंच विचारतो. शेणाचा हात त्यानंतरचा. शेणातले चाऱ्याचे तंतू तो पातळ थर धरून ठेवतात.

वाळवी सिमेंटच्या घरातल्या चौकटीही खाते, त्यात मातीचा दोष नाही. सारवणं बायकांवर पडतं म्हणता, तो विषय वेगळा आणि माझ्या लेखाचा नव्हता. आमच्याकडे आई सारवायची, तिची कधी तक्रार ऐकली नाही.

तुमच्याकडची जमीन भेगाळली असेल, तर माती कुठून आणली होती आणि किती ओलीवर चोपली होती, ते आधी कळवा. मग बोलू.