वर्षाला तेरा महिने

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या चुलतभावांचीही १ जून आणि वाडीतल्या निम्म्या लोकांचीही तीच. शाळेत नाव घालायला पोरगं आणलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगत. डावा कान बोटांना लागला की पोरगं पहिलीत. मग जून उघडलेलाच असे, म्हणून तारीख १ जून. पुढे याच तारखेवर वडिलांना नोकरी लागली, बढती मिळाली आणि ५८ व्या वर्षी ३१ मेच्या संध्याकाळी शाल-श्रीफळही मिळालं. कान हाताला लागणं ही जैविक वयाची, म्हणजे तारखेवरून नव्हे तर अंगावरून ठरणाऱ्या वयाची, चाचणी होती, हे ना गुरुजींना माहीत होतं ना वडिलांना. खर्च शून्य आणि निकाल जागेवर.

माझ्या वाट्याला लाळ आली.

लेक बंगळुरूला असते. पूर्वी वाढदिवसाला घरून शर्टपीस मिळायचा, यंदा तिच्याकडून कुरिअरनं एक खोकं आलं. "बाबा, यातून तुमचं खरं वय कळेल." माझं वय ५४ आहे आणि ते आधार कार्डावर छापलेलं आहे, या माहितीचा तिच्यावर काहीही परिणाम झाला नाही. दोन खोकी घेतली तर सवलत होती, म्हणून हिच्यासाठीही एक होतं.

आत प्लॅस्टिकची नळी आणि नळीवर निळी रेघ. रेघेपर्यंत लाळ भरायची. आधी अर्धा तास चहा नाही, पाणी नाही, साधी बडीशेपसुद्धा नाही. एरवी मिसळीच्या दुकानावरून जाताना आपोआप सुटणारी ही वस्तू, मागितली की येत नाही. सोफ्यावर नळी तोंडाशी धरून मी बराच वेळ बसलो. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, कैरीचं लोणचं आठवा." आठवलं. रेघ गाठली. तर व्हिडिओ कॉलवर लेक म्हणते, "बाबा, फेस धरायचा नाही, फेसाखालचं मोजायचं." पुन्हा लोणचं. हिची नळी तोवर झाकण लावून टेबलावर ठेवलेली होती.

या थुंकीचं पुढे काय होतं, ते मी नेटानं वाचून काढलं. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मेथिल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात. वय वाढतं तसे काही ठरावीक जागी ते वाढतात, काही जागी झडतात. स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञानं २०१३ मध्ये अशा ३५३ जागा हेरून त्यांवरून वय सांगणारं घड्याळ बनवलं. त्याची सरासरी चूक साडेतीन वर्षांच्या आसपास. आमच्याकडे लग्नाच्या बाजारात याहून जास्त चूक खपवून घेतात. पण पुढे २०२२ मध्ये असंही निघालं, की एकच नमुना दोनदा तपासला तर यांतली काही घड्याळं नऊ वर्षांपर्यंत वेगळं वय दाखवतात. माणूस तोच, रक्त तेच, आणि मधल्या मध्ये नऊ वर्षं गायब. आमच्या सोसायटीच्या हिशेबात एवढी तफावत निघाली असती तर सर्वसाधारण सभा पहाटेपर्यंत चालली असती.

लेकीच्या खोक्यात मात्र नुसतं वय नव्हतं, वेगही होता. ही कल्पना न्यूझीलंडची. तिथल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या मागे संशोधक लागले ते आजतागायत मागे आहेत. दर काही वर्षांनी त्यांना बोलावतात आणि फुप्फुसं, मूत्रपिंडं, कोलेस्टेरॉल, अगदी हिरड्यासुद्धा तपासतात. ही मंडळी ३८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची जैविक वयं काढली, तर कुणी २८ चा निघाला, कुणी ६१ चा. एकाच वर्गातली मुलं ही. स्नेहसंमेलनाला गेलेल्या कुणालाही हे संशोधनाशिवाय पटेल. या सगळ्या मोजमापांवरून त्यांनी म्हातारं होण्याचा वेग बांधला, आणि तो डीएनएवरच्या त्याच मेथिलवरून ओळखायची रीतही. वर्षाला एक वर्ष म्हणजे वेग १.

माझा अहवाल आला. वेग १.०८.

आयुष्यात मला कुणी वेगवान म्हटलेलं नाही. फाइल माझ्या टेबलावर आली की मुक्कामाला येते. स्कूटरवर असताना मला सायकली ओलांडून जातात. आणि नेमका म्हातारा होण्यात मी सगळ्यांच्या पुढे! १.०८ म्हणजे वर्षाला जवळजवळ तेरा महिने. पंचांगात अधिक महिना तीनेक वर्षांतून एकदा येतो, माझा दरवर्षी. बरं, अधिक महिना म्हणावा तर सासुरवाडीहून अनारशांचं ताट नाही, काही नाही.

हिचा वेग ०.९२ आला. म्हणजे अकरा महिने.

अहवालात व्यायाम, झोप, आहार यांवर पुष्कळ रंगीत पानं होती. त्याच घरातला एक माणूस तेरा महिने जगतो आणि दुसरा अकरा, याचे घरगुती परिणाम काय होतात यावर एक ओळ नव्हती. गॅस सिलिंडर सरकवायचा असला की मी म्हणतो, "तू तरुण आहेस." माळ्यावरचा डबा काढायचा असला की ती म्हणते, "तुमच्याकडे महिना जास्त आहे, काढा सावकाश." आधारप्रमाणे ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. या हिशेबानं बारा वर्षांत आमच्यात चार वर्षांचं अंतर पडेल. हे गणित तिनंच केलं, भाजीवाल्याच्या पिशवीवर.

मी जिममधल्या वजनकाट्यावरही उभा राहून पाहिलं. तळपायांतून बारीक वीज सोडून तो अंगातली चरबी मोजतो आणि वर वय सांगतो. मला ६३ म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, आणि तेही पुण्याचं. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तंतोतंत २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणजे पोट हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे, माझा एकट्याचा नाही. जिममधल्या पोरानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर्षाच्या पॅकेजचा कागद पुढे केला.

दिवाळीत लेक आली ती आणखी एक चाचणी घेऊन. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या दोन हजारांवर माणसांवर केलेली. जमिनीवर बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात, कोपर, गुडघा, काहीही टेकलं की एक गुण कापायचा, झोक गेला तर अर्धा. कमी गुणवाले पुढच्या काही वर्षांत जास्त संख्येनं गेले, असं निष्पन्न झालं होतं. ऐन लक्ष्मीपूजनाच्या सकाळी हे तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

बसताना माझं काहीही टेकलं नाही, कारण मध्ये टेकायला वेळच मिळाला नाही. उठताना एक हात, एक गुडघा आणि तोंडातून "आई गं". आई गंचे गुण कापत नाहीत, हे ब्राझीलवाल्यांचं मोठं मन. ही पदर खोचून बसली तशीच उठली आणि करंज्या तळायला गेली.

आई भिंतीला टेकून मटार सोलत होती. ब्याऐंशी वर्षं. नातीनं गळ घातली म्हणून उठली. आधी हात गुडघ्यावर, मग भिंतीला, मग माझ्या खांद्यावर, मधून मधून नारायणाचं नाव. लेकीनं वहीत आकडा लिहिला.

"काय गं, नापास?"

"तसंच म्हण आजी."

"मग काय करतात? त्याच वर्षात परत बसवतात का?"

लेक हसत हसत उठायला गेली. इतका वेळ मांडी घालून वही लिहिल्यानं पायाला मुंग्या आल्या होत्या. आधी एक हात टेकला, मग दुसरा, आणि शेवटी आजीनं दंड धरून वर ओढली. वहीत मी नंतर पाहिलं. नावं तीनच होती.