‘इस्त्रीतले दलाल’ : पंचवटीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार पंचवटीकर,

‘मन वळवणं आणि मन वाकवणं’ या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेबाराला जे लिहिलंत ते मी सकाळी दूध तापत ठेवून वाचलं. दूध उतू गेलं. त्याचा हिशेब तुमच्याकडे मागत नाही, पण उत्तर जरा लांबणार आहे, म्हणून इथे वेगळं लिहितेय.

मी पीआरचं, म्हणजे कंपन्यांच्या जनसंपर्काचं काम करते; ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी तुमचे शब्द जसेच्या तसे देते: “ताई, लेख गोड आहे, पण तुम्ही पीआरवाले म्हणजे इस्त्रीतले दलाल. पैसे देणाऱ्याची बाजू तेवढी सांगायची, अडचणीचं गाळायचं आणि त्याला ‘मन वळवणं’ म्हणायचं. ज्यांच्याकडे तुम्हाला द्यायला पैसे नाहीत त्यांची बाजू कोण मांडणार? पत्रकारांना पाकिटं कोण वाटतं? आणि तो सिगारेटचा मोर्चा १९२८चा नव्हे, १९२९चा. एवढं तरी तपासत चला.”

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करून टाकते. बायकांनी भर रस्त्यात सिगारेटी ओढल्या तो मोर्चा १९२९चाच. ३१ मार्च, ईस्टरचा रविवार, न्यूयॉर्कचा फिफ्थ अॅव्हेन्यू. वर्ष माझ्याकडून चुकलं, मूळ लेखात दुरुस्त केलंय. चूक दाखवली की दुरुस्त करायची ही सवय मला पेपरच्या डेस्कवर लागली. दाखवताना ‘एवढं तरी’ म्हणायची सवय तुम्हाला कुठे लागली ते तुम्हालाच ठाऊक.

आता ‘दलाल’.

हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात. आणि तोही पंचवटीत राहून! मार्केट यार्ड तुमच्या उशाशी आहे हो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, पिंपळगाव बसवंतला दलाल होते. गाळ्यावरच्या पाटीवर ‘जनरल मर्चंट अँड कमिशन एजंट’ असं लिहिलेलं, पण गावात सगळे दलालच म्हणायचे आणि तेही स्वतःला दलालच म्हणवायचे. शेतकऱ्याचा माल उभा करायचा, व्यापाऱ्याकडून भाव काढून द्यायचा, पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, करून पैसे हातात ठेवायचे, मधली अडत, म्हणजे कमिशन, आपली. ती अडत शेतकऱ्याने का भरायची यावरून पुढे रान पेटलं आणि २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत सरकारने खरेदीदाराच्या माथी टाकली. बरंच झालं. आजोबा ते बघायला नव्हते. पण त्यांच्या दहाव्याला निफाड, चांदवडकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. दलालाच्या दहाव्याला, पंचवटीकर.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर लिलावाला जायचे. ट्रॉल्या रांगेत उभ्या. व्यापाऱ्यांचा घोळका यायचा, त्यातला एखादा फळीवर पाय देऊन चढायचा, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा आणि खालचा कांदा वर काढायचा. वरच्याकडे बघायचासुद्धा नाही. वर निवडलेला, गोल, एकसारखा माल लावलेला असतो आणि गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि जोड कांदा खाली जातो, हे अख्ख्या बाजाराला माहीत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. विचारलं, “आजोबा, ही लबाडी नाही का?” ते म्हणाले, “वर चांगला लावतो ती रीत. खाली माती भरतो तो चोर.” आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली ओतल्यावर माल वेगळा निघालाच, तर वांधा निघायचा, भाव तुटायचा, कधी हातघाईपर्यंत जायचं. लबाडी पकडायची सोय बाजारातच होती.

माझा सगळा धंदा त्या एका वाक्यावर उभा आहे. प्रेस नोट म्हणजे ट्रॉलीचा वरचा थर. ती कुणी काढली हे वाचणाऱ्याला कळतं, वर लेटरहेड असतं, खाली माझं नाव आणि मोबाइल नंबर असतो. हात खुपसायचं काम बातमीदाराचं. आता चार तालुक्यांना मिळून एक बातमीदार असेल, तो संध्याकाळी सातला माझी नोट जशीच्या तशी ‘प्रतिनिधी, नाशिक’ म्हणून लावून देत असेल, तर त्यात माझा काय दोष? (लावतात. काना-मात्रासुद्धा बदलत नाहीत. एकदा माझ्या नोटमधला ‘फोटो सोबत जोडला आहे’ हाही मजकूर छापून आला होता.)

आणि तुम्ही ज्या मोर्चाचं वर्ष मला शिकवलंत त्याकडेच बघा ना. तो घडवून आणणाऱ्या एडवर्ड बर्नेज या अमेरिकन पीआरवाल्याने त्या दिवशी काय खोटं केलं? बायका खऱ्या होत्या, सिगारेटी खऱ्या होत्या, बाईने भर रस्त्यात सिगारेट ओढणं तेव्हा तिकडेही खपत नव्हतं हेही खरं. त्याने त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ म्हटलं, फोटो निघाले, पेपरांनी ती बायकांच्या हक्काची बातमी म्हणून छापली. मागे अमेरिकन टोबॅको कंपनी उभी होती, आणि तिला बायकांच्या हक्कांशी नाही, लकी स्ट्राइकच्या खपाशी देणंघेणं होतं. हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे वरचा थर, खालचा थर हा प्रश्नच नाही. ट्रॉली कुणाची हेच लपवलं. मी रेष तिथे मारते, मागच्या लेखात तेच लिहिलं होतं, आणि तुम्ही बहुतेक वर्षाच्या आकड्यापाशीच थांबलात.

१९९०चं कुवेतचं प्रकरणही तसंच. पंधरा वर्षांची एक मुलगी अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर रडत सांगते की इराकी सैनिकांनी इस्पितळात घुसून बाळांना इन्क्युबेटरमधून काढून फरशीवर टाकलं. तिचं फक्त पहिलं नाव सांगितलं जातं. युद्ध होऊन गेल्यावर, १९९२च्या जानेवारीत, बाहेर येतं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती आणि कुवेती पैशावर चाललेल्या गटाने नेमलेल्या हिल अँड नोल्टन या पीआर कंपनीचा त्या साक्षीत हात होता. ती कोण हे त्या दिवशीच कळतं तर ऐकणाऱ्यांनी आपापला हात खुपसून बघितला असता. युक्ती उघड केल्यावर ज्याचा परिणाम उतरतो ती फसवणूक. मला एवढं साधं वाटतं.

आमच्या व्यवसायाला नियम नाहीत असा तुमचा समज दिसतो. १९६५ मध्ये अथेन्सला आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने एक आचारसंहिता मंजूर केली. माणसाला स्वतःच्या इच्छेने आवरता येणार नाही अशी नेणिवेतली ओढ जागी करणारी तंत्रं वापरायची नाहीत, असं त्यात स्पष्ट कलम आहे. १९६८च्या एप्रिलमध्ये दिल्लीत परिषद झाली तेव्हा आपल्याकडच्या पब्लिक रिलेशन्स सोसायटीनेही ती घेतली. त्या संहितेत आणखीही कलमं आहेत, सगळी इथे देत बसत नाही.

‘अडचणीचं गाळायचं’ हे तुमचं वाक्य. गाळण्याबद्दल मला शिकवू नका, मी सात वर्षं डेस्कवर मजकूरच गाळत होते. निवड केल्याशिवाय कुणाला काही सांगताच येत नाही. तुम्ही तरी तुमच्या प्रतिक्रियेत माझ्या लेखातलं काय काय गाळलंत? आणि खऱ्या आकड्यानेही माणूस फसतो हे मला चांगलं ठाऊक आहे. हंगामाच्या मुहूर्ताला पहिल्या ट्रॉलीला चढा भाव पुकारतात, शेतकऱ्याचा फेटा बांधून सत्कार, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात तो आकडा. आकडा शंभर टक्के खरा. आणि तो पेपर खिशात घालून चार दिवसांनी आलेल्याच्या हातात किती पडतं ते मी गाळ्यावर बसून बघितलंय. तो वेगळा विषय आहे. असो.

मी डेस्क का सोडलं हे सांगते, म्हणजे ‘इस्त्री’ कुणाच्या कपड्यांना होती ते कळेल. २००९ची विधानसभा निवडणूक. पॅकेज हा शब्द तोवर आम्ही सहलीसाठी वापरायचो. त्या ऑक्टोबरमध्ये पैसे घेऊन बातमी म्हणून छापायचे उमेदवारांचे मजकूर तयार होऊन यायचे, सोबत कुठल्या पानावर, किती कॉलम, कुठला फोटो याची चिठ्ठी. त्याखाली ‘जाहिरात’ असा शब्द टाकायचा नाही. राज्यभरात एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत वेगवेगळ्या बायलाइनने, म्हणजे वेगवेगळ्या बातमीदारांच्या नावाने, छापून आला, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते पुढे उघड केलं. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी २०१०मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल लिहिला, तर कौन्सिलने आधी त्याचा संक्षेपच पुढे केला. मी तेव्हा ज्या पेपरात होते त्याचं नाव घेत नाही. एका रात्री ‘मतदारसंघात विकासाची गंगा’ या मथळ्याखाली माझंच नाव लावायला सांगितलं. मी लावलं नाही. दुसऱ्याचं लागलं. चार महिन्यांनी मी राजीनामा दिला. चार महिने का थांबले असं विचाराल, तर घराचा हप्ता होता.

म्हणून मला पीआर प्रामाणिक वाटलं. इथे निदान पाटी लावून बसतात.

आणि पाटी लावून बसल्यावरही मी काय करते, ऐकाच. सात-आठ वर्षांपूर्वी शहराच्या कडेला, जिथे तेव्हा द्राक्षबागा संपून फलक सुरू व्हायचे, तिथल्या एका गृहप्रकल्पाचं काम माझ्याकडे होतं. बिल्डरचं नाव सांगणार नाही. नोटचा कच्चा मसुदा त्यांच्याच ऑफिसातून आला होता: ‘गोदेच्या कुशीत, २४ तास पाणी, २४ तास सुरक्षा.’ मी साइटवर गेले. मागच्या बाजूला दोन टँकर उभे होते, एकाच्या पाइपातून पाणी गळत होतं आणि कामावरच्या बायका त्याखाली भांडी धरून होत्या. महापालिकेची लाइन यायची होती. मी केबिनमध्ये जाऊन लाल पेनाने ‘२४ तास पाणी’ खोडलं. साहेबांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. म्हणाले, “मॅडम, लाइन येणारच आहे.” मी म्हटलं, आली की लिहू. ते म्हणाले, “मग पैसे कशाचे देतोय तुम्हाला?” वाटाण्याच्या सामोशाची बशी आमच्या मध्ये तशीच गार झाली. शेवटी ते वाक्य गेलं. नोटमध्ये गोदा राहिली, सुरक्षा राहिली, पाण्याचा शब्द नव्हता. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. त्या दिवशी काम हातचं जाऊ शकलं असतं. तुमच्यापैकी कितीजणांनी पगार देणाऱ्याच्या हातातला कागद असा खोडलाय?

राहिलेल्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. पाकिटं: मी देत नाही. पत्रकार परिषदेत पोहे, चहा आणि फार तर एक पेन, तेही कंपनीने आग्रह धरला तर. जे देतात त्यांना विचारा. फुकटची मिसळ खाऊन ‘नाशिकमधली नंबर एक’ म्हणणाऱ्या रीलवाल्यांनाही विचारा, फुकट मिळालेल्याची जाहिरात करताना ती जाहिरात आहे असं लिहा, हा जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१पासून आहे आणि किती पाळतात ते दिसतंच आहे. तिथे तुमची प्रतिक्रिया मला कधी दिसली नाही.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न टाळ्या घेणारा आहे. मी दोन संस्थांचं काम वर्षानुवर्षं फुकट करते, त्याची जाहिरात करत नाही. आणि पैसे नसतात असं तरी तुम्ही कशावरून म्हणता? त्याच इमारतीतल्या एक काकू पुढे माझ्याकडे आल्या होत्या. रहिवाशांनी वर्गणी काढली होती, महिन्याला टँकरवर किती जातात त्याच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणल्या होत्या. माझं नाव त्यांना जुन्या बातमीच्या कात्रणावर, खाली नंबरासकट मिळालं होतं. “बातमी तुम्हीच लिहिली होती ना, मग आमचीही लिहा,” म्हणाल्या. बिल्डर तेव्हाही माझे क्लायंट होते, महिन्याच्या करारावर. एकाच भांडणात दोन्हीकडून पैसे घेणं मला पटत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे, तसं मी त्यांना नीट समजावलं. चहा दिला. शहरातल्या दुसऱ्या एका एजन्सीचा नंबर लिहून दिला. पुढे त्याचं काय झालं मी विचारलं नाही.

वर्षाची दुरुस्ती केलेली आहे. दिसत नसेल तर पान एकदा रिफ्रेश करा.