ऑजे इलेक्ट्रॉनला क्ष-किरणाचा धक्का लागत नाही

बारावीच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत एक गोष्ट फिरत असते. अणूच्या के कवचात, म्हणजे सर्वांत आतल्या कवचात, जागा रिकामी झाली (पोकळी पडली) की वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो आणि क्ष-किरण सोडतो. क्वचित हा क्ष-किरण बाहेर पडता पडता त्याच अणूतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि त्याला हुसकावून लावतो. हाच म्हणे ऑजे परिणाम.

आधी ते ‘क्वचित’ बघू. निऑनच्या के कवचात पोकळी झाली तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा क्ष-किरण निघतच नाही, इलेक्ट्रॉन निघतो. कार्बनमध्ये तर क्ष-किरणांचा वाटा टक्काभरही नाही. अणुक्रमांक वाढतो तसा क्ष-किरण सुटण्याचा दर साधारण त्याच्या चौथ्या घाताने चढतो आणि ऑजेचा, म्हणजे इलेक्ट्रॉन निघण्याचा, जवळपास तिथेच राहतो. त्यामुळे जस्ताच्या आसपास दोघांची बरोबरी होते आणि जड अणूंत क्ष-किरण वरचढ ठरतात. तेही के कवचापुरतंच. सराफाच्या कॅरेटमीटरवर (क्ष-किरणांनी सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर) सोन्याची ९.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा दिसते, ती के च्या बाहेरच्या एल कवचातली. तिथल्या पोकळ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश क्ष-किरण देतात.

आता मुख्य मुद्दा. क्ष-किरण आधी सुटत असेल, तर ते संक्रमण मुळात व्हायला हवं. २एस (एल कवचातली एक कक्षा) मधून १एस (के कवचातली कक्षा) मध्ये उडी मारून फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सोडायला द्विध्रुव नियमाची (कोनीय संवेग एकाने बदललाच पाहिजे, या नियमाची) मनाई आहे, कारण दोन्हीकडे कोनीय संवेग शून्य. तरी निऑनच्या इलेक्ट्रॉन-वर्णपटात (बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांच्या आलेखात) ७४८ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक शिखर दिसतं. ते दोन्ही २एस इलेक्ट्रॉनांचं आहे: एक पोकळीत पडला, दुसरा बाहेर गेला. गिळायला क्ष-किरणच नव्हता, मग गिळला काय? भौतिकशास्त्रज्ञ ग्रेगोर वेंट्सेलने १९२७ मध्येच सिद्धांत मांडला होता की दोन इलेक्ट्रॉनांमधलं कूलॉम्ब प्रतिकर्षणच (समान विद्युतभारांनी एकमेकांना ढकलणं) थेट ऊर्जा देतं-घेतं. सगळं एकाच टप्प्यात.

‘पण क्ष-किरणाच्या गोष्टीतही ऊर्जेचा हिशेब तर जुळतो!’ असं कुणी म्हणेल. जुळणारच. निऑनच्या के पोकळीची ऊर्जा ८७०.२; दोन २पी इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाची (जी स्थिती सर्वांत ठळक दिसते तिची) ६५.७, वजाबाकी ८०४.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि सर्वांत उंच शिखर तिथेच आहे. ऊर्जा अक्षय्यता फक्त सुरुवात आणि शेवट बघते, मधला रस्ता नाही. त्यामुळे हा ताळा कुठल्याच गोष्टीच्या बाजूने साक्ष देत नाही.

गैरसमजाचं मूळ जुनं आहे. लीझे माइटनरने १९२२ मध्ये आणि पिएर ऑजेने १९२३ मध्ये हा परिणाम नोंदवला. मेघपेटीत (विद्युतभारित कणांची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणाऱ्या पेटीत) एकाच बिंदूतून दोन रेघा निघालेल्या ऑजेला दिसल्या. क्ष-किरणांची ऊर्जा बदलली की एक लांब-आखूड व्हायची, दुसरी तेवढीच राहायची. त्याने याला ‘संयुक्त प्रकाशविद्युत परिणाम’ म्हटलं, म्हणजे आधी क्ष-किरण आणि मग त्याच अणूत त्याचं शोषण. वेंट्सेलच्या आधी ते समजण्यासारखं होतं, आज नाही.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: आभासी फोटॉन. पुंज-विद्युतगतिकीच्या (प्रकाश आणि विद्युतभारित कणांच्या पुंज सिद्धांताच्या) भाषेत दोन इलेक्ट्रॉन फोटॉनचीच देवाणघेवाण करतात, हे खरं. पण तो म्हणजे डिटेक्टरपर्यंत पोचणारा क्ष-किरण नव्हे. त्या अर्थाने अणूतलं सगळंच प्रतिकर्षण फोटॉनचं आहे, आणि त्याला कुणी क्ष-किरण म्हणत नाही.