काळी पाच आणि सहा तारा

आमचा कीबोर्डवाला हळदीला गेला तो परत आलाच नाही.

स्वतःच्या नव्हे, लोकांच्या हळदीला. लग्नसराई लागली, ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या सुरू झाल्या, आणि कल्याणपासून बदलापूरपर्यंत मांडव फिरता फिरता त्याच्या लक्षात आलं, की इथे लोक नाचतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत आणि निघताना हातात पाकीटही ठेवतात. आमच्या बँडमध्ये यातलं एकही होत नसे. आमच्या तालावर कुणी नाचायला गेलंच तर पाय मुरगळून घरी जाईल, आणि तालमीच्या खोलीचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरायचो. फोन केला की तो म्हणायचा, "दादा, एवढा मे जाऊ दे." मे गेला, गणपती गेले, तुळशीचं लग्न झालं आणि सरळ पुढची लग्नसराई लागली.

तेव्हा ड्रमर म्हणाला, "मग कीबोर्डचं तूच वाजव की गिटारवर. सूर काय, तेच असतात."

ज्याच्या वाद्यात सूरच नाहीत त्याने हे म्हणावं! पण बेसवाल्याने मान डोलावली (बेसवाले कशालाही मान डोलावतात, त्यावरून काही ठरवू नये) आणि मीही भरात येऊन 'बघू' म्हणून बसलो.

आम्ही वाजवतो ते प्रोग रॉक. घरी मी हा प्रकार एकदाच समजावून सांगितला आहे. साठचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही पोरांना वाटायला लागलं, की तीन मिनिटांत गाणं आटोपणं हा रसिकांचा अपमान आहे. मग त्यांनी रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी गाणी केली. १९७१ साली इमर्सन, लेक अँड पामर या तिघांनी 'टार्कस' काढलं, ते एकच गाणं वीस मिनिटांचं. मध्येच ताल बदलायचा, मध्येच पट्टी बदलायची, मध्येच गायकाला विंगेत पाठवून सगळ्यांनी एकेकदा वाजवून घ्यायचं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आपलं संगीत नाटकच की." या उत्तरात मला आजवर चूक काढता आलेली नाही.

तर या संगीताचा खरा राजा गिटारवाला नाही, कीबोर्डवाला. 'येस' या बँडचा रिक वेकमन अंगावर चमचमता झगा घालून, चहूबाजूंनी ऑर्गन, पियानो, सिंथेसायझर रचून मध्ये उभा असायचा. किराणा दुकानदार पोत्यांच्या मध्ये असतो तसा. आणि त्याचं सगळं मी सहा तारांवर उचलायचं.

माझी मूळ तक्रार शरीररचनेची आहे. पियानोवर एक बोट म्हणजे एक सूर. दहा बोटं, दहा सूर, हिशेब चोख. गिटारवर एक सूर काढायला दोन हात लागतात. डाव्याने दाबायचं, उजव्याने छेडायचं. एका कपाला दोन माणसं, असा हा सरकारी कारभार. त्यातून पियानोवर शेजारशेजारचे दोन सूर शेजारशेजारच्या दोन बोटांनी वाजतात. गिटारवर तेच दोन सूर एकदम हवे असतील तर ते दोन वेगळ्या तारांवर, तीन-चार घरं अंतर ठेवून पकडावे लागतात. मी 'टार्कस'च्या सुरुवातीचा नाद दुसऱ्याच दिवशी सोडला. तिसऱ्या दिवशी करंगळीला मूव्ह लावून बसलो होतो.

मग म्हटलं, निदान एक तरी तडीस न्यायचं. जेनेसिस या बँडचं 'फर्थ ऑफ फिफ्थ' निवडलं, १९७३च्या अल्बममधलं. स्कॉटलंडमध्ये फोर्थ नावाची नदी आहे, तिच्या खाडीला फर्थ ऑफ फोर्थ म्हणतात. ऐकायला अगदी 'चौथी'. म्हणून या लोकांनी गाण्याचं नाव ठेवलं पाचवी. डोंबिवलीत राहून खाडीला घाबरायचं नसतं, या हिमतीवर मी त्यात उतरलो.

जेनेसिसचा कीबोर्डवाला टोनी बँक्स, त्याने या गाण्याच्या सुरुवातीला नुसता पियानो वाजवला आहे. जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात दोन मात्रांचे, तेरा मात्रांचे आणि पंधरा मात्रांचे तुकडे एकमेकांत असे विणलेत, की मोजायला बसलं तर आपण अकरापर्यंत येतो तोवर तो पुढच्या स्टेशनात असतो. वर गाणं बी फ्लॅटमध्ये. गिटारच्या सहा मोकळ्या तारांपैकी तीन या पट्टीत सरळ बाद होतात. तिसऱ्या घरावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला तर सहाच्या सहा तारा पट्टीत बसतात, हा शोध मला रात्री दीड वाजता लागला आणि मी बायकोला उठवून सांगितला. सकाळी कळलं की कॅपो लावल्यामुळे खालचे सूर गेले, आणि बँक्सचा डावा हात नेमका तिथेच राहायला आहे.

बसवलं तरीही. सहा आठवडे लागले. डाव्या हाताचे सूर अंगठ्याकडे, वरचे तीन बोटांकडे, आणि जे कुठेच बसेनात ते मनातल्या मनात. रेकॉर्ड करून ऐकलं. कुणीतरी पियानो जिन्यावरून खाली आणतोय आणि तो दर पायरीवर टेकवतोय, असं काहीसं वाटलं.

पियानोचं एक वेळ जमेल, कारण पियानोचा सूरही वाजल्यापासून विरायला लागतो. ऑर्गनचं काय करायचं? हॅमंड ऑर्गनची पट्टी दाबून ठेवली की सूर उभाच. गिटारचा सूर एक तारखेच्या पगारासारखा. येतो दणक्यात, आणि आपण 'आला' म्हणेपर्यंत गेलेला असतो. मेलोट्रॉन नावाचा कीबोर्डसुद्धा आपल्यापेक्षा श्रीमंत. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली एक टेप असते, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनांचा किंवा बासरीचा सूर भरलेला, साधारण आठ सेकंदांचा. मी उपाय म्हणून उजव्या हाताच्या करंगळीने गिटारचं व्हॉल्यूमचं बटण फिरवत सूर हळूहळू फुलवायला शिकलो. छान येतो, व्हायोलिनसारखा. फक्त तेवढ्यात दुसरा सूर यायचा झाला तर बोटं शिल्लक नसतात.

गिटारचा आवाज ऑर्गनसारखा करणारं पेडलही हप्त्याने घेतलं. ते मी वाजवलेलं ऐकतं, क्षणभर विचार करतं आणि मग आपलं मत देतं. जलद वाजवलं की त्याचं मत भलतंच असतं.

शेवटी टेबलफॅन. हॅमंडला तो थरथरता, गरगरता आवाज येतो तो लेस्ली नावाच्या स्पीकरमुळे. त्याच्या पेटीत कर्णा खरोखरचा फिरतो. लहानपणी आपण सगळ्यांनी पंख्यासमोर तोंड धरून 'आऽऽऽ' केलेलं आहे, तसलंच काहीसं ते शास्त्र. मी अँपसमोर टेबलफॅन ठेवला, दोनवर लावला आणि एक लांब कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, छेडली. काय सांगू! सूर पात्यांतून असा कापत, डुलत आला, की अंगावर काटा उभा राहिला. जाळीचा एक स्क्रू खडखडत होता, पण तोही तालात. दार उघडून बायको आत आली. मे महिना, दुपारचे तीन, लाइट अर्धाच फेज. "अँपला उकडतंय का?" एवढंच म्हणाली आणि फॅन घेऊन गेली.

या कीबोर्डवाल्यांचं मला राहून राहून नवल वाटतं. 'टार्कस'वाला कीथ इमर्सन सूर टिकावा म्हणून हॅमंडच्या पट्ट्यांमध्ये सुऱ्या खुपसायचा. सुरी अडकली, पट्टी दबली, सूर चालू. हा मोकळा इकडेतिकडे उड्या मारायला. वेकमन तर जेवला. 'येस'ने १९७३ साली चारच गाण्यांचा जोड-अल्बम केला होता, मूळ कल्पना गायकाला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचलेली. वेकमनला त्यात फारसं काम नव्हतं आणि गोडीही नव्हती. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याच्या मदतनीसाने चालू गाण्यात चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी असं साग्रसंगीत ताट आणून दिलं आणि याने ते कीबोर्डवर मांडून खाल्लं, असं तो स्वतःच सांगतो. योगानंदांच्या तळटीपेवर गोव्याचा विंदालू! पण मला हेवा विंदालूचा नाही, मोकळ्या हाताचा आहे. गिटार वाजवताना नाक खाजलं तरी गाणं थांबवावं लागतं.

खालच्या मजल्यावरचे काका वर आले ते तक्रारीसाठी, असंच मी धरून चाललो. रेल्वेतून निवृत्त, दर गुरुवारी भजनी मंडळात पेटी. येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दीड महिना ऐकतोय. काळी पाच ना?"

बी फ्लॅट म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी, काळी पाच, हे माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. 'फिफ्थ'च्या सुरुवातीला थेट काळी पाच! मी मूळ गाणं लावलं. काका डोळे मिटून मांडीवर बोटांनी मोजत होते. "हे तेरा. हं. हे पंधरा, म्हणजे पंचमसवारी झाली. पण मध्येच दोन कशाला टाकतोय हा? समेवर येताना माणसाला जरा सांगून यावं." पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग खाली जाऊन पेटी घेऊन आले आणि भाता मारत वरच्या हाताची निम्मी ओळ वाजवून मोकळे झाले. माझे सहा आठवडे, त्यांचा एक चहा.

"आणि डावा हात?" मी विचारलं, जरा आशेनेच.

"तो भात्यावर," काका म्हणाले. "पेटीला एकच हात असतो रे."

मला फार बरं वाटलं. त्यानंतर दोन-तीन रविवार बँक्सचा उजवा हात काकांनी वाजवला आणि डावा मी. पंधराच्या तुकड्याला ते 'हां' म्हणायचे, दोनच्या तुकड्याला 'ह्या!'. ड्रमर एकदा ऐकायला आला होता, त्याला काकांनी आधी रूपक ताल हातावर द्यायला लावला आणि मग घरी पाठवलं.

परवा बुधवारी रात्री काकांचा फोन. "अरे, पेटीचा भाता फाटला. दुरुस्तीला दिलीय, आठ दिवस म्हणतोय. उद्या मंडळात तू ये."

"मी काय करू काका?"

"पेटीचं वाजवायचं. गिटारवर. सूर काय, तेच असतात. फक्त अभंगात सूर मध्ये तुटता कामा नये हं, भरलेला पाहिजे."

गुरुवारी साडेसातला मी एका खांद्यावर गिटार, दुसऱ्यावर अँप आणि काखेत टेबलफॅन घेऊन जिना उतरलो.