डायलिसिसच्या सिस्टर
नर्स पेशंटसोबत घरच्यांनाही सांभाळते असं नर्सच्या कामावरच्या लेखात म्हटलंय ते अगदी खरं. आमच्या बाबांचं आठवड्याला ३ वेळा डायलिसिस, दर खेपेला ४ तास, गोव्यातल्या डिचोलीहून हॉस्पिटलात न्यायचं आणायचं, सगळेच थकायचो. तिथल्या सिस्टरनी आईला बाजूला बसवून नीट समजावलं की शहाळं केळं नको पोटॅशियम वाढतं, पाणी मोजून द्या, फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशनने धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला बीपी मोजू देऊ नका आणि रोज बोट ठेवून तिथे थरथर लागते का बघा. डॉक्टरांनीही सांगितलं असेल पण तेव्हा डोक्यात शिरलंच नव्हतं. शहाळं बंद म्हटल्यावर बाबा रडले हो, स्वतःचं कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग असलेला माणूस! सिस्टर त्यांचा हात धरून नुसत्या बसून राहिल्या, बाकीचे पेशंट असताना. अशा सिस्टर अजून भरती करा, पगारही वाढवा.